दिवा नको, घंटा द्या

भाताच्या भाऱ्यांची उडवी रचताना सरू वरून मानेवर पडली, ते साल ब्याण्णव. मानेखालचं सगळं अंग लुळं पडलं. बोलणं शाबूत राहिलं, पण छातीत जोर नसल्यानं आवाज खोलीबाहेर जाईना. रोह्यापासून दोन कोसांवर त्यांचं घर. नवरा केरू शेतावर, जाऊ नूतन चुलीपाशी, आणि सासरे दिवसभर ओटीवर माणसं जमवून बसलेले.

सत्त्याण्णव साली मुंबईच्या एका संस्थेतून दिपिका नावाची इंजिनिअर आली. डोक्याला तारांची टोपी चढवायची आणि मूठ आवळल्याचं मनात आणायचं. कॉम्प्युटर ते ओळखून समोरचा दिवा लावी. पडल्यापासून पाच वर्षांनी सरूनं मनातल्या मनात मूठ आवळली. दहाव्या खेपेला दिवा लागला. केरूचे डोळे भरून आले. सरूनं मात्र दिव्यावरची नजर दाराकडे वळवली.

“आवडलं नाही का?” दिपिकानं विचारलं.

“दिवा काय, कोणी पण लावील, ताई. मला घंटा द्या. चुलीपाशी वाजंल अशी.”

“घंटा कशाला?”

सरूनं आधी केरूला बाहेर पाठवलं.

“लघवीची नळी तुंबली का डोकं ठणकतं. नूतनला हाक जात नाय. मग सासरे दारात येऊन इचारतात, आन ओटीवरच्या माणसांदेखत त्यांना सांगायला लागतं. मला लाज हाय, हे पाच वर्सांत कोणाच्या ध्यानातच आलं नाय.”

दिपिका म्हणाली, “हे आमच्या लोकांना तुम्हीच सांगाल?”

केरूनं टेम्पोत गादी घातली आणि नागोठणं, वडखळ, पेण करत मुंबई गाठली. संस्थेत समोर दहा-बारा साहेब. सरूच्या तोंडाशी कान नेऊन नूतन एकेक वाक्य मोठ्यानं सांगत होती. लघवीपाशी ती अडखळली.

“सांग गो,” सरू म्हणाली.

दोन महिन्यांनी घंटा आली. दहातून सातदा वाजे. कधी उगाचच वाजे आणि नूतन पिठाच्या हातांनी धावत येई. वर्षभरानं संस्थेतलं काम बंद पडलं. यंत्र न्यायला दिपिका स्वतः आली.

“पुन्हा सुरू झालं, तर पुढं काय करू?” तिनं विचारलं.

पडवीत नूतन शेजारणींबरोबर भिजवलेले वाल सोलत बसली होती. अंगठ्यानं दाबलं की सालातून दाणा सुळकन बाहेर येई. सरू दारातून त्यांच्या बोटांकडे बघत राहिली.

“वाल सोलायचेत.”

“सरूताई, ते माझ्या हयातीत होईल असं वाटत नाही.”

“नाय होऊ दे. लिवून तर ठेवा.”

दिपिकानं वहीत लिहिलं आणि वाचून दाखवलं, “वाल सोलणे.”

“तसं नको,” सरू म्हणाली. “बायांमधी बसून, असं लिवा.”

दिपिकानं ते खोडलं आणि पुन्हा लिहिलं.