पंखा बंद ठेवण्याची सूचना

"पंखा बंद आहे ना?" मी दारातूनच विचारलं.

"बंदच आहे जी साहेब. खिडकी पण लावली." मेश्राम वहिनी मान वर न करता म्हणाल्या.

कसबा पेठेतली पहिल्या मजल्यावरची एकच खोली. दुपारचे तीन. खिडकीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी आत आली होती आणि तिच्यात निळसर धूर तरंगत होता. थरावर थर, अगदी सावकाश. राळेचा गोडसर वास. कोपऱ्यात साडीच्या झोळीत दीड वर्षाची करुणा झोपली होती. झोळी हलली की धुराचा एक थर वाकायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. मी ते बघत बराच वेळ उभा राहिलो. दिवसभरात इतकी शांत जागा मला दुसरी मिळत नसे.

तेव्हा मी भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. नवं आर्थिक धोरण आलं होतं आणि गल्लोगल्ली एसटीडी बूथ निघत होते. बूथमध्ये लाल आकड्यांत बिल दाखवणारं मीटर असायचं, ते आम्ही बनवत होतो. मागणी एवढी की कारखान्यातले हात पुरेनात. म्हणून मीटरच्या आतल्या सर्किट बोर्डांचं सोल्डरिंग, म्हणजे सुटे भाग जोडण्याचं काम, घरोघरी दिलं जाई. अकरा घरं, अकरा जणी. मेश्राम वहिनी त्यांतल्या एक. यजमानांच्या नोकरीमुळे वर्ध्याहून आलेल्या. मी आठवड्यातून दोनदा सगळीकडे फिरून तयार बोर्डं तपासायचो.

सोल्डर म्हणजे कथील आणि शिसं यांची तार. तिच्या पोटात राळ असते. सोल्डरिंगची गरम गन लावली की तार वितळते, राळ जळते, धूर होतो. चांगला जोड पाण्याच्या थेंबासारखा चमकतो. तो गार होताना वारा लागला तर मळकट, खरखरीत निघतो. त्याला आम्ही ड्राय जॉइंट म्हणतो. असं मीटर चार महिन्यांनी भलतेच आकडे दाखवायला लागतं.

आमची शंभरातली नऊ बोर्डं तपासणीत नापास होऊन परत येत होती. मी वही घेऊन बसलो, घरांप्रमाणे आकडे मांडले आणि सरळ दिसलं की पंखा डोक्यावर असलेल्या घरांतून जास्त येत होती. दिवाळी झाल्यावर पहिल्या सोमवारी मी सूचना काढली: काम चालू असताना पंखा बंद, खिडकी बंद. दोन महिन्यांत नवाचे दोन झाले. आमचे प्रोडक्शन मॅनेजर परांजपे यांनी माझा आलेख नोटीस बोर्डावर लावला. "साठे, पगार घेता त्याचं आज काहीतरी दिसलं," म्हणाले. त्यांच्या तोंडून ही स्तुती होती.

तर फेब्रुवारीतल्या त्या दुपारी मेश्राम वहिनींची साठ बोर्डं मी तपासली. एकही परत नाही. एकेक जोड असा की बघत राहावं. मी वहीत शून्य लिहिलं आणि झोळीत करुणा जागी झाली. खोकली. खोकला थांबल्यावर तिच्या श्वासातून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासूनच जी. थंडीचं असन."

"असेल," मी म्हणालो. पण सूचनेची तारीख मला पाठ होती.

थंडीही दिवाळीनंतरच येते. एका घरावरून काही ठरत नाही. पुढच्या फेरीत मी अकराही घरी विचारलं. सात घरांत पाच वर्षांखालची मुलं होती. पाच घरांतली खोकत होती, दोन घरांतली नव्हती. या दोनांपैकी एका घरातला मुलगा दिवसभर आजीजवळ, मंडईतल्या तिच्या गाळ्यावर असायचा. दुसरं घर शिंदेबाईंचं. त्यांची मुलगी टुणटुणीत, आणि परत येणारी बोर्डं मात्र सगळ्यांत जास्त त्यांचीच.

"शिंदेबाई, खरं सांगा. पंखा लावता?"

"आता खोटं कशाला बोलू? तुमचं पाऊल जिन्यावर वाजलं की बंद करते. तुम्ही गेलात की चालू. अहो, जीव गुदमरतो! तुम्ही बसून दाखवा की तासभर."

माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे मी तीन वेळा लाल शेरा मारला होता.

नारायण पेठेत आमच्या मुलांच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना भेटलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "राळेच्या धुराने श्वासनळ्या चिडतात. या वयात फुफ्फुस अजून घडत असतं. आत्ता जे राहून गेलं, ते पुढे भरून निघेलच असं नाही. आणि शिसं धुरापेक्षा हातांतून जास्त जातं. बाळ रांगतं कुठे? त्याच फरशीवर ना? हात धुऊन भरवतात का?" मला माहीत नव्हतं. मी तिथे तासन्‌तास उभा राहिलो होतो आणि मला माहीत नव्हतं.

मी हे सगळं सांगितल्यावर परांजपे म्हणाले, "तुम्ही बालरोगतज्ज्ञ कधी झालात?"

"झालो नाही. सूचना मागे घेतोय."

"सात घरांवरून? हा काय पुरावा आहे?"

"नाही. पण सूचना काढली तेव्हाही माझ्याकडे एवढाच पुरावा होता."

नोटीस बोर्डावरचा आलेख परांजप्यांनी स्वतः उतरवला.

मग आम्ही टेबलफॅन उलटा करून खिडकीत ठेवायला सांगितलं, म्हणजे धूर बाहेर फेकला जाईल आणि जोडावर झोत येणार नाही. काम संपलं की फरशी ओल्या फडक्याने पुसायची, हात धुतल्याशिवाय मुलाला घ्यायचं नाही. मेश्राम वहिनी म्हणाल्या, "सगळं करतो जी. पण एकच खोली आहे, पोरीले ठेवू कुठं?" काम सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. शेवटी पलीकडच्याच गल्लीतल्या शिंदेबाई म्हणाल्या, "दुपारची माझ्याकडे द्या. माझा पंखा काय, कायम चालूच असतो."

परत येणारी बोर्डं शंभरात चारवर स्थिरावली. माझी त्या वर्षीची बढती राहून गेली. करुणाची शिट्टी कमी झाली, पूर्ण गेली नाही. पुढे कारखान्यात यंत्रं आली, घरचं काम बंद झालं. मग मोबाइल आले आणि बूथही गेले.

मागच्या वर्षी एका मुलीचा फोन आला. "साठेकाका? मी करुणा मेश्राम. आईने नंबर दिला." ती हिंजवडीत आयटी कंपनीत आहे. जिने चढताना दम लागतो. छातीच्या डॉक्टरांनी तपासलं. फुफ्फुसांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे आणि ती लहानपणापासूनच कमी असावी, असं त्यांचं म्हणणं. फॉर्मवर एक प्रश्न होता: पहिल्या दोन वर्षांत घरात धूर होता का?

"आई म्हणते आठवत नाही. म्हणाली, साहेब सगळं लिहून ठेवायचे."

"होता," मी म्हणालो. "नोव्हेंबर ते मार्च, बंद खोलीत. पंखा बंद ठेवायला मी सांगितलं होतं. तुझा त्रास त्यामुळेच आहे असं मला म्हणता येणार नाही. त्यामुळे नाही, असंही नाही."

पलीकडून तिच्या श्वासाचा आवाज येत होता.

"काका, इथे फक्त हो किंवा नाही लिहायचंय."

"हो लिही."

आता मी निवृत्त आहे. छोट्या वर्कशॉपना तपासणीचे तक्ते करून देतो. बाहेर पडणाऱ्या मालाचे सगळे रकाने त्यात असतातच. पहिला रकाना मात्र वेगळा आहे: काम चालू असताना खोलीत आणखी कोण असतं? मालक म्हणतात, याचा क्वालिटीशी काय संबंध? मी म्हणतो, आधी भरा, मग बोलू.