सातवीच्या वर्गातल्या मातीच्या होड्या

खाडीकाठच्या ओल्या चिकणमातीचा वास आला की मला काही वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते. रत्नागिरीजवळच्या आमच्या शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवत होते, आणि वस्तू का तरंगते ते मुलांना स्वतःलाच कळावं म्हणून त्यांच्याकडून मातीच्या होड्या करून घेतल्या होत्या. पाण्याने भरलेल्या घमेल्यात होडी सोडायची आणि तिच्यात शिंपले भरत जायचं. एकेक होडी बुडे, पोरं खिदळत. मासे विकणाऱ्या बाईची एक अबोल मुलगी मात्र होडी बुडाली तरी पुन्हा नवी वळत राहिली, तळ रुंद करत गेली, आणि शेवटी तिचीच सगळ्यांत जास्त शिंपले घेऊन तरंगली. “आज स्वतःबद्दल काय कळलं?” मी सगळ्यांना विचारलं. ती उभी राहिली. “माझं डोकं चालतं, ह्ये कळलं, बाई. पण उद्यापास्नं मी येणार नाय. बापूस गेला, आय जेटीवर जाते, धाकट्याला कोण बघणार?” संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई बोंबील सुकत घालत होती. “शिकवायचंच हाय तिला,” ती म्हणाली, “बाळाला घेऊन वर्गात बसली तर चालंल?” मी हो म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी शाळेत परवानगी मागितली, तर “उद्या सगळेच आणतील,” म्हणत मुख्याध्यापकांनी हात जोडले. मी खूप विनवलं, पण ते बधले नाहीत, आणि ती परत आली नाही. तो धाकटा आता आमच्याच शाळेत पहिलीत आहे. ती त्याला फाटकापर्यंत सोडते आणि आत न बघता माघारी वळते.