बरं वाटते, दादा

माझं नाक चार वर्षं भावाच्या स्वाधीन होतं. तो अकोल्याला होमिओपॅथीचा डॉक्टर, मी अमरावतीत. सायनस सुजला की कपाळ असं ठणकायचं, की केर काढायला वाकलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. इथल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरने ऑपरेशन सुचवलं, तेव्हा दादा फोनवर भडकलाच. "नाकात सुरी घालू देऊ नको. मी काय मेलो हाये का?" सख्खा भाऊ, वर डॉक्टर. मी तो विषय बंद केला.

मग साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांना हात लावायचा नाही, बाटलीच्या झाकणात घेऊन थेट जिभेवर टाकायच्या. कॉफी बंद, कापूर बंद, कपाळाला बाम बंद, कच्चा कांदा बंद. बेसन-भाकरीसोबत कांदा नाही म्हणजे वऱ्हाडी माणसाला जन्मठेपच. तीही मी निमूट भोगली.

दर रविवारी त्याचा फोन यायचा. "कसं वाटते?"

"बरं वाटते, दादा."

वाटत नव्हतं. पण भाऊ एवढ्या मायेने औषध देतो, त्याच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे पाहुणा खारट भाजीसुद्धा दुसऱ्यांदा मागून घेतो, तसंच हे. मी तक्रार करायचे नाही, तो गोळी बदलायचा नाही. हळूहळू मला वास येईनासा झाला. दूध करपून पातेलं काळं व्हायचं आणि मी शेजारीच पोळ्या लाटत असायचे.

वर त्याने मला साक्षीदार केलं. एखादा पेशंट कां-कू करू लागला की माझा नंबर द्यायचा. "माह्या बहिणीले विचारा." आणि मी बिनदिक्कत सांगायचे, "हो, फार फरक पडला."

गेल्या दिवाळीनंतर आठवडाभराने मी न कळवता अकोल्याला गेले. दार भाच्याने उघडलं. नाकाखाली पट्टी. मी विचारायच्या आत वहिनी चहा ठेवता ठेवता बोलून गेली, "त्याचंबी तुमच्यासारखंच. सहा महिने गोळ्या देल्या, मंग हेच म्हणाले, आता वेळ घालवू नका. परवाच नागपूरले ऑपरेशन केलं."

तिने आलं घातलेला चहा पुढे ठेवला. मला कपातून नुसती वाफ लागली. मी कप तसाच बाजूला सरकवला.

दादा दवाखान्यातून आला. "काहून, फोन नाई केला?"

"पोराले सहा महिने, अन् मले चार वर्षं?"

तो वाकून बूट काढत राहिला. "त्याले आराम नाई पडला. तुले त पडत होता. तूच सांगत होती."

"भाऊबीजेले येऊन जेवून गेला ना? नाकात एकदा बॅटरी मारून पाह्यलं का माह्या?"

मी खोटं बोलले, कबूल आहे. पण डॉक्टर तो होता. पोराच्या बाबतीत जे त्याला सहा महिन्यांत दिसलं, ते माझ्या बाबतीत त्याला बघायचंच नव्हतं. मी त्याच्या दवाखान्याची पाटी होते ना! पाटी कोण उतरवून ठेवेल? केसाने गळा कापला त्याने माझा, आणि आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

मी तशीच निघाले. बसने मूर्तिजापूर सोडलं आणि फोन वाजला. अनोळखी बाई होती. "तुमच्या भावाच्या गोळ्यायनं तुमचं सायनस बरं झालं म्हणतात. खरं का, ताई?"

"नाई झालं," मी म्हणाले. "जळालेल्या दुधाचाबी वास येत नाई मले. तुमी कान-नाक-घशाच्या डॉक्टरले दाखवा."

ती म्हणाली, "अन् डॉक्टरसायब त म्हणत होते, माही बहीण कधी खोटं बोलत नाई."