हलकी गाडी आणि बाबांचं लोखंड
दसऱ्याला फाफडा-जिलेबीच्या रांगेत उभी राहिले, की तळणीच्या आणि झेंडूच्या वासासोबत माझी जुनी चिडचिड वर येते. मोटरसायकल मी दसऱ्यालाच घेतली होती. कच्छची वाळू, स्पितीचे दगडगोटे, सगळं एकटीनं फिरायचं होतं, म्हणून वर्षभर डोकेफोड करून हलक्यात हलकी गाडी निवडली. पडली तर माझी मला उचलता आली पाहिजे, एवढीच अट. शोरूमवाल्यांना साडीगार्डसुद्धा काढायला सांगितला होता. आईला घेऊन पोचले तर गाडीला पुढेमागे लोखंडी गार्ड, दुधाचे कॅन टांगावेत असा कॅरिअर आणि साडीगार्ड जागच्या जागी! "बेन, काकाए कह्युं हतुं," मेकॅनिक हसत म्हणाला. हे सांगणारे काका म्हणजे माझे बाबा, आमच्या आधीच येऊन अभिमानानं शेजारी उभे. "लांब जायचंय ना, गाडी कशी भरभक्कम हवी!" "अहो बाबा, पडली तर उचलणार कोण?" "पण पाडायचीच कशाला?" बाकीचं लोखंड मी दुसऱ्याच दिवशी तरसालीच्या गॅरेजात उतरवलं. साडीगार्ड तेवढा ठेवला, कारण शोरूममध्ये गाडीला हार घालून होताच आई मागे एका बाजूला बसली होती आणि "चल, गावातल्या गावात अकोट्यापर्यंत चक्कर मार," म्हणाली होती. आता वाळूत गाडी आडवी झाली, की मी त्या साडीगार्डलाच धरून ती उभी करते. गाडी पडते, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही; कशाला धरून उचलते, हे तर मुळीच नाही.