हिमालयाची हरणछाप पुडी

गुणवंतराव वाघाला भीत नसत. जंगलानं वेढलेल्या धानोरा तालुक्यात राहणाऱ्या माणसाला ते परवडतही नाही. एकदा मोहाची फुलं वेचताना पट्टेदार समोर येऊन उभा राहिला, तेव्हा गुणवंतराव त्याला "जाय गा बापा, तुह्या रस्त्यानं" असं म्हणाले आणि वाघ खरोखरच गेला. ही हकीकत त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती की गावातली पोरं आता वाघाचं काम न सांगता करून दाखवत. पण हाच माणूस इंजेक्शनच्या सुईसमोर लटलटा कापे. लस टोचायला बाया गावात आल्या त्या दिवशी गुणवंतराव सकाळीच शेताकडे पळाले. सुईवाल्या बाया गेल्या, असा बायकोचा, मनकर्णाबाईंचा, निरोप पोचल्यावरच त्यांनी गावात पाऊल टाकलं.

या एका भीतीपोटी त्यांनी जन्मभर झाडपाल्याची भक्ती केली. खोकल्याला अडुळसा, पोटाला हिरडा, तापाला गुळवेल. तोवर सगळं ठीक होतं, कारण ही झाडं लहानपणापासून त्यांच्या ओळखीची होती. कोणाचं कण्हणं कानावर आलं की गुणवंतराव दुपट्टा खांद्यावर टाकून हजर. "झाडपालाच त आहे, त्यानं का होते?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाव त्यांना थट्टेनं 'डागदर' म्हणे. थट्टा गावाच्या ध्यानात होती, गुणवंतरावांच्या नव्हती.

मग उन्हाळ्यात धानोऱ्याच्या बाजारात भोंगा लावलेली एक जीप आली. ज्या तालुक्यातून हिरडा, बेहडा, चारोळी ट्रक भरभरून बाहेर जाते, त्या तालुक्याच्या बाजारात एक लांब केसांचा माणूस हिमालयाची मुळी विकायला उभा राहिला. आणि जंगलात जन्मलेले, जंगलात वाढलेले गुणवंतराव गर्दी सारून पहिल्या रांगेत गेले. घरामागच्या मुळीचं कौतुक कोणाला असतं! हिमालय म्हटल्यावर गोष्टच वेगळी. पुडीवर बर्फाचा डोंगर होता आणि डोंगरावरून उडी मारणारं हरीण. ते पाहूनच गुणवंतरावांचा अर्धा विश्वास बसला. उरलेला अर्धा भोंग्यानं बसवला.

पुडी हवी होती मनकर्णाबाईंच्या गुडघ्यांसाठी. बाई एकेकाळी रोवण्यात, धानाच्या लावणीत, साऱ्या बायांच्या पुढे असायच्या. आता घरातल्या मेढीला, लाकडी खांबाला, धरल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं आणि रोवणा जवळ आला होता. गुणवंतरावांनी सकाळ-संध्याकाळ चिमूटभर पूड कोमट पाण्यातून सुरू केली. आठवडा सरायच्या आत बाई मेढ सोडून उठल्या. पाऊस लागला तेव्हा पदर खोचून चिखलाच्या बांधीत उतरल्या आणि दिवसभर वाकून धान रोवून आल्या.

आता गुणवंतरावांना आवरणार कोण? त्यात बाईंचे गाल भरले. सुकलेला चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला. विहिरीवरच्या बाया विचारू लागल्या, "का वं मनकर्णा, का खाऊन राह्यली? चांगली अंगात भरली." गुणवंतराव बायकोचा चेहरा दुकानाच्या पाटीसारखा मिरवू लागले. शेजारच्या लटारूची कंबर धरली होती, त्याला पुडी दिली. आणखी कोणाकोणाला दिली. लटारूची कंबर सुटली आणि तोही दिवसेंदिवस गोल होऊ लागला.

मनकर्णाबाई मात्र एकदा म्हणाल्या, "ऐकता का जी, पाय काड्यावाणी होऊन राह्यले अन् तोंड भोपळ्यावाणी. झोप येत नाई. जरासं कुठी लागलं त काळंनिळं होते."

"ताकद वरतं चढून राह्यली," गुणवंतरावांनी निदान केलं.

पुढे नाल्यांना पूर आले. जीप बाजारात येईना. पोळ्याच्या चार-पाच दिवस आधी घरातली पुडी संपली. गुणवंतरावांना त्याची फिकीर वाटली नाही. गुडघा दुखला तर दुखला, जीप येईल तेव्हा पुन्हा सुरू करू. झाडपालाच तो, बंद केल्यानं काय होतंय?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं मारबत काढली. गावातली सगळी रोगराई आरडाओरडा करून शिवेबाहेर हाकलायचा तो दिवस. सगळ्यांत मोठा आवाज अर्थातच डागदरांचा. "गुडघेदुखी घेऊन जाय गे मारबत!" असं ओरडून घसा बसवून ते घरी आले, तर मनकर्णाबाई चुलीपाशी आडव्या पडलेल्या. चूल पेटलेली नव्हती. ओकून ओकून ओठ पांढरे पडले होते. अंग गार, आणि त्या गार अंगाला घाम.

"उठवत नाई जी," त्या म्हणाल्या. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

गुणवंतरावांनी आलं दिलं, ते उलटून पडलं. लिंबू दिलं, तेही उलटलं. त्यांच्या ओळखीची झाडं संपली. तेव्हा ते लटारूला हाका मारत अनवाणी बाहेर धावले. वाघासमोर ते धावले नव्हते.

नाल्यावरून गाडी येत नव्हती. लटारूनं आणि चार जणांनी बाईंना खाटेवर घेतलं, छातीएवढ्या पाण्यातून खाट डोक्यावर धरून पलीकडे नेलं. पलीकडे फोन करून बोलावलेली रुग्णवाहिका उभी होती. गुणवंतराव पाण्यातून चालताना बायकोचा अंगठा धरून चालत होते. अंगठा थंड होता. मध्येच त्यांना वाटलं, आपण धरला नसता तर ही खाटेवरून निघून गेली असती.

धानोऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर दीपिका होत्या. अहेरीकडच्या, वयानं लहान, बोलायला खणखणीत. त्यांनी बाईंचं ब्लडप्रेशर पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि सलाइन लावायला सांगितलं.

"काका, मावशींना कोणतं औषध चालू आहे?"

"नाई जी," गुणवंतराव ताठ होऊन म्हणाले. "एक गोळी नाई. गोळीच्या आमी इरोधातच आहो."

यात खोटं काही नव्हतं. औषध म्हणजे गोळी, औषध म्हणजे सुई. मुळी ही त्यांच्या लेखी भाजीच्या जवळची वस्तू. भाजी खाल्ली म्हणून कोणी डॉक्टरला सांगतं का?

सलाइनची एक बाटली गेली. दुसरी लागली. ब्लडप्रेशर होतं तिथंच. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी आली. ती आठी गुणवंतरावांनी पाहिली आणि ते बाईंच्या खाटेला अगदी खेटून उभे राहिले. बाईंचे डोळे अर्धवट मिटले होते. श्वास येत होता की नाही हे कळायला त्यांना लुगड्याच्या पदराकडे टक लावून बघावं लागत होतं.

डॉक्टर दीपिका बाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. वाटोळ्या, भरलेल्या, गावानं कौतुक केलेल्या चेहऱ्याकडे. मग दंडावरचे काळेनिळे डाग त्यांनी बोटानं दाबून पाहिले.

"काका, झाडपाला? मुळी, पूड, काढा, काही?"

आता गुणवंतरावांना प्रश्न कळला. पुडी त्यांच्या बंडीच्या खिशातच होती. रिकामी होती, पण लोकांना हरीण दाखवायला ते ती जवळ बाळगत. छातीला ती पुडी निखाऱ्यासारखी लागली. हो म्हणावं, तर बायकोला या थराला आपणच आणलं असं होतं. आणि दाराशी लटारू आणि खाट आणणारे उभे होते. त्यातल्या प्रत्येकाला आपण 'त्यानं का होते' हे ऐकवलेलं.

"नाई," गुणवंतराव म्हणाले. घसा मारबतीत बसला होता, म्हणून आवाज बारीक आला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

डॉक्टरीणबाई वाकल्या. "मावशी, ऐकू येते? रोज काही घेत होता का?"

मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. आधी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा घामेजलेला चेहरा, खिशावर दाबलेला हात, सगळं पाहिलं. एवढी वर्षं संसार केलेल्या बाईला तेवढं पुरे होतं.

"काही नाई जी बाई," त्या हळूच म्हणाल्या. "काहीच नाई घेत मी."

आणि डोळे मिटले.

गुणवंतरावांना कळलं. बाई त्यांची लाज झाकत होती. जीव जात असताना नवऱ्याची डागदरकी सांभाळत होती! ते असे ओरडले की बाहेर झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

"घेते जी! घेते ते! मीच देल्ली! हे पाहा!" खिसा फाटला, पण पुडी निघाली. "उन्हाळ्यापासून घेते. पोळ्याच्या आंगंमांगं सरली. माह्या हातानं देल्ली मी!"

डॉक्टर दीपिकांनी पुडी उलटीपालटी केली. "बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही. परवाना नंबर नाही. आत काय आहे ते नाही, कधी बनवली ते नाही. नुसतं हरीण आहे."

"पळून राह्यलं जी ते," गुणवंतराव काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"तेवढं एक शहाणं दिसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि सिस्टरकडे वळून त्यांनी इंजेक्शनचं नाव सांगितलं.

सिस्टरनं सुई भरली. गुणवंतराव जन्मात पहिल्यांदा सुईकडे डोळे उघडे ठेवून बघत होते. औषध नळीत गेलं. आता थांबायचं होतं. वाघ समोर आला तर तो तरी दिसतो. इथं काहीच दिसत नव्हतं. पंख्याचा आवाज, भिंतीवरची पाल, पदराची हालचाल. मध्येच पदर थांबल्यासारखा वाटे आणि गुणवंतराव स्वतःचाही श्वास धरून ठेवत. त्यांनी देवाला काही कबूल केलं नाही. कोणत्या तोंडानं करणार? पुडी देताना त्याला विचारलं नव्हतं.

सिस्टर पट्टा गुंडाळी, आकडा पाही, डॉक्टरीणबाईंना सांगे. एकदा आकडा ऐकून डॉक्टरीणबाईंची आठी थोडी सैल झाली. पुढच्या खेपेला आणखी सैल झाली. दुपार कलली तेव्हा मनकर्णाबाईंनी डोळे उघडले, खोलीवर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "चाय भेटन का जी?"

गुणवंतरावांना रडू आलं. ते त्यांनी दुपट्ट्यात शिंकरून टाकलं.

मग डॉक्टर दीपिकांनी त्यांना बाहेर बाकावर बसवलं. "तपासल्याशिवाय छातीठोक सांगत नाही, पण यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार. तसल्या पुडीनं दुखणं पटकन दबते. चेहरा गोल होतो, लोकांना वाटते तब्येत सुधारली. त्याच जातीचं एक रसायन शरीर रोज स्वतः बनवत असते. बाहेरून मिळत राहिलं की ते बनवणं सोडून देते. आणि मग पुडी एकदम बंद झाली की माणूस असा कोसळतो."

"म्हंजे बाई, झाडपाला खराब?"

"मी असं कुठं म्हटलं? माझी आजी मुळ्या द्यायची. पण मुळी आणायची ती पानासकट. झाड दाखवायची, नाव सांगायची. आणि आठ दिवसांत गुडघा नवा होतो, असं ती कधी बोलली नाही. निर्गुडीचा शेक खुशाल घ्या. पोटात घ्यायचं असलं तर आधी मला दाखवा, कारण झाडपालाही अंगात गेला की औषधासारखंच काम करतो, आणि चालू गोळ्यांशी भांडतोही. विकत घ्यायचं तर दुकानातून, पावती घेऊन, डब्यावरचं नाव-तारीख वाचून. आणि काका, ही पुडी आणखी कोणाला दिली असेल, तर त्यांना ती एकदम बंद करू देऊ नका. इकडे पाठवा. आम्ही हळूहळू सोडवू."

गुणवंतरावांनी मान वर केली. समोरच्या कडुनिंबाखाली लटारू उभा होता. वाटोळ्या तोंडाचा, चंद्रासारखा. सकाळपासून तो खाटेखाली, पुराच्या पाण्यात, त्यांच्यासमोरच होता आणि ते तोंड त्यांना आता दिसलं.

"लटारू! तुह्यी पुडी कुठी आहे गा?"

"फेकली!" लटारू छाती काढून म्हणाला. "वहिनीचं असं ऐकलं अन् तवाच खिशातली काढून ह्या नालीत फेकून देल्ली. आता जलमात हात नाई लावत. आजपासून बंद!"

गुणवंतरावांना डॉक्टरीणबाईंचं 'एकदम बंद' आठवलं. त्यांनी लटारूचं मनगट असं धरलं की तो ओरडला.

"चाल डॉक्टरीणबाईकडं!"

"काऊन गा? मले का झालं? सुई देतीन ना तिथी!"

"देऊ दे."

"अरे, तूच त म्हणे, सुईपरीस मरण—"

"मी का म्हणलो ते सोड! चाल!"

झटापटीत लटारूची टोपी पडली. गुणवंतरावांनी त्याला आत ढकललं आणि डॉक्टरीणबाईंसमोर उभं करून गावातल्या ज्याला ज्याला पुडी दिली त्यांची नावं मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. प्रत्येक नावासरशी आवाज बारीक होत गेला. मग बाहेर येऊन ते नालीत उतरले आणि लटारूची पुडी, ओली, चिखलानं भरलेली, हरणासकट, तपासायला म्हणून घेऊन आले.

मनकर्णाबाई घरी आल्या त्या गोळ्या घेऊन, दर काही दिवसांनी थोड्या कमी करायच्या गोळ्या. गाल उतरू लागले. जुन्या सुरकुत्या एकेक करून परत आल्या. विहिरीवर पुन्हा चर्चा झाली की मनकर्णा पार उतरली, डागदर बायकोला खायला घालत नाही. गुणवंतरावांनी ते ऐकून घेतलं.

रोज सकाळी डोळा उघडला की ते आधी शेजारचा पदर हलतो का ते पाहतात. मग उजेड झाला की तोंड निरखतात.

"का पाहता जी असे माह्या तोंडाकडं?"

"गाल उतरले का, पाहून राह्यलो."

"लोकाचे नवरे बायको भरली म्हणून खुश होतात, अन् तुमी!" बाई मेढीला धरून उठू लागतात. गुडघा कटकन वाजतो. "आई वं!"

ते कण्हणं ऐकून पूर्वी गुणवंतराव मुळी आणायला धावले असते. आता ते नुसता हात पुढे करतात. बाई तो धरतात. हात गरम आहे याची खात्री होईपर्यंत गुणवंतराव तो सोडत नाहीत.