आप्पांनी ऐकलेली साक्ष

मी गाव सोडलं त्या सकाळी माझ्या धाकट्या भावाने जीपची काच फोडली. पवनानगरला कामशेतची जीप भरत होती. मी मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मिलिंदने रस्त्याकडेचा दगड उचलला आणि सरळ मारला. काचा माझ्या ओढणीत आल्या. मग तो आत घुसला, पिशवी ओढू लागला, ती सुटेना तेव्हा माझ्या मनगटाला चावला. रक्त आलं तरी त्याने चावा सोडला नाही.

ड्रायव्हरने त्याला केसांना धरून खाली खेचलं. "आरं ए भुता, काच कोन बसवनार? तुजा बाप?"

"व्हय, मीच त्याचा बाप," आप्पा पुढे येत म्हणाले. "बसवतो काच. केस सोड आदी."

लोक हसले, ड्रायव्हरही हसला. मिलिंदला हसणं ऐकू येत नव्हतं, पण दिसत होतं. त्याने दुसरा दगड उचलला. शेवटी आप्पांनी त्याचे दोन्ही हात पाठीमागे आवळून धरले आणि मला मानेने खुणावलं, जा.

तो जन्मापासून बहिरा होता. आमच्या घरात त्याच्यासाठी खुणा होत्या त्या थोड्याच: भाकरी, पाणी, शेळी, झोप, मार. 'परत येईन' याला खूण नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी आईला घरातून दवाखान्यात नेलं होतं आणि ती परत आली नव्हती. घरातून माणूस निघालं की काय होतं, हे त्याला ठाऊक झालं होतं. मी इंदूरला खुणांची भाषा शिकायला निघाले होते, त्याच्यासाठीच, आणि नेमकं तेवढंच त्याला सांगायची सोय नव्हती.

आप्पा सोमाटण्याच्या एका कारखान्यात कामाला होते. आमच्या बुद्धवाड्यातल्या बारावी झालेल्या मुली नर्सिंगला जात, डीएडला जात. "हातवारे शिकाया शाळा लागती व्हय?" असं त्यांनी मला दोन-तीनदा विचारलं. मग एक दिवस स्वतःच म्हणाले, "जा. घरात एकाला तरी त्याचं कळू दे."

इंदूरने मला आधी हिंदी शिकवली, मग हातांनी बोलायला. सकाळचे पोहे, वर मसाला भुरभुरताना 'दीदी, जीरावन डालूं?', भाड्याच्या खोलीवरचा पत्रा, सगळं अंगवळणी पडलं. माझ्या मराठीत 'मतलब' आणि 'वैसे' शिरले. आप्पा फोनवर वैतागायचे, "नीट बोल की गं, कुनाच्या घरचं बोलतीस?" बहिऱ्या लोकांमध्ये नव्या माणसाला खुणेचं नाव देतात. माझ्या मनगटावर मिलिंदच्या दातांचे वण राहिले होते. दोन बोटं वाकवून मनगटावर टेकवली की ती मी. तिकडे आजही माझं नाव तेच आहे.

पुढे मी दुभाषी झाले. पोलीस ठाणी, सरकारी दवाखाने, कोर्टं. या कामाचा एक नियम आहे. बहिरा माणूस 'मी' म्हणाला की दुभाष्याने 'मी'च म्हणायचं; 'ती असं म्हणते आहे' ही पळवाट नाही. त्यामुळे माझ्या तोंडून मला नवऱ्याने रॉकेल ओतून पेटवलं आहे. मला मालकाने गोदामात कोंडून पट्ट्याने फोडलं आहे. मला सख्ख्या दिराने विहिरीत ढकललं आहे, आणि मी काठाला धरलं तेव्हा बोटांवर पाय दिला आहे. मराठीत किंवा हिंदीत 'त्याला मारलं' एवढं म्हणून पुढे जाता येतं. हातांच्या भाषेला तसं जाता येत नाही. मार कोणी दिला, कुठल्या बाजूने दिला, मुठीने की लाथेने, कुठे बसला, हे सांगताना दाखवावंच लागतं. मी पाहिलेली प्रत्येक साक्ष म्हणजे तो मार पुन्हा एकदा होणं.

शिकून गावी आले तेव्हा मिलिंदने मला ओळखच दाखवली नाही. शेळ्या सोडून डोंगराकडे निघून गेला. मग हळूहळू जवळ आला. काल, उद्या, परत, नाव या खुणा शिकला. 'का' ही खूण सापडल्यावर मात्र तो थांबेना. आई का गेली? शाळेत बाई हातांवर पट्टी का मारायच्या? आप्पा त्यांना घाबरून काही का बोलले नाहीत? आप्पा विचारायचे, "काय म्हनतोय?" मी सांगायचे. आप्पा खाली बघायचे. पुढची कितीतरी वर्षं हे असंच चाललं: मी सुट्टीत यायचे, ते दोघं सहा महिन्यांचं साठवून ठेवलेलं माझ्याकडून बोलून घ्यायचे. नाहीतर व्हिडिओ कॉलवर भांडायचे, मध्ये मी.

मिलिंदने ती भाषा ज्ञानूला शिकवली. ज्ञानू कान्हे गावचा, शेतकरी मराठ्यांचा मुलगा, लहानपणी तापात कान गेलेला. दोघं धरणाच्या पाण्याकडेला पर्यटकांच्या तंबूंवर कामाला लागले. तंबू ठोकायचे, कोळसे पेटवायचे, चिकन भाजायचं. मिलिंद मला म्हणायचा, इथे गाणी एवढी मोठ्याने लावतात की ऐकू येणारेही शेवटी आमच्यासारखेच हातवारे करतात.

एके दिवशी तिघं पर्यटक शहरातून आले होते, दुपारपासून पीत होते. अंधारून येत होतं. मिलिंद पाठमोरा बसून शेगडीत कोळसे घालत होता. त्यांनी हाक मारली. दुसऱ्यांदा मारली. मग त्याच्या पाठीत बाटली मारली. तो उठून वळला आणि बोलायला हात वर केले. त्यांना वाटलं, हा कामाचा पोऱ्या आपल्यावर हात उचलतोय. तंबूच्या दोरीने त्यांनी आधी त्याचे हात बांधले. ऐकणाऱ्यांच्या जगात याला तोंडात बोळा कोंबणं म्हणतात. पुढे जे झालं ते ज्ञानूने पाण्याच्या टाकीमागून पाहिलं. जवळ दुसरं कोणी नव्हतं.

मिलिंद गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात एक मावशी माझा हात धरून म्हणाल्या, "बिचाऱ्याला वरडता बी आलं नसंल." मिलिंदला ओरडता येत होतं. त्याचा आवाज मोठा होता. स्पीकरचाही मोठा होता.

खटला पुण्याला उभा राहिला. तिघांचं म्हणणं एकच होतं: थोडी झटापट झाली, तो पळताना दगडांवर पडला. प्रत्येकाचा वकील वेगळा, आणि प्रत्येक जण उरलेल्या दोघांकडे बोट दाखवत होता. ज्ञानूची साक्ष सोडली तर आमच्याकडे फारसं काही नव्हतं. मी सख्खी बहीण, म्हणून मला दुभाषी होता येत नव्हतं. कोर्टाने रेवतीला बोलावलं. ती पुण्याची, वयाने लहान, एकदा माझ्या शिबिरात शिकलेली. तिने ते कोर्टाला आधीच सांगितलं होतं. वकिलांनी कुरकुर केली, पण दुसरं कोणी मिळत नव्हतं. या कामातली माणसं मोजकीच आहेत.

मी आप्पांशेजारी बसले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. माझं एक बोट जरी हललं असतं तरी साक्षीदाराला पढवलं म्हणून ओरड झाली असती.

ज्ञानूने आधी तिघांना जागा दिल्या: हा डावीकडे, हा मध्ये, हा उजवीकडे. मग त्याचे हात सुरू झाले. डावीकडच्याने केस धरून मान मागे वाकवली. मधल्याने गुडघा पोटात घातला, परत घातला. उजवीकडच्याने शेगडीतला चिमटा उचलला, लाल झालेला, आणि...

"त्यांनी त्याला मारलं," रेवती म्हणाली. "खूप मारलं."

लेखनिकाने तेवढंच टाइप केलं.

ज्ञानू तिच्याकडे बघत राहिला. त्याने पुन्हा दाखवलं, डावा, मधला, उजवा. रेवतीची नजर माझ्यावर आली आणि लगेच खाली गेली. "चटका दिला," ती म्हणाली. "त्यांनी."

एक वकील उठले. "साहेब, हा साक्ष देतोय की अभिनय करतोय?"

"त्यांची भाषा तशीच आहे. बसा," न्यायाधीश म्हणाले.

मला कळलं होतं. रेवती चुकत नव्हती, तिला सगळं दिसत होतं. पण समोर बहीण बसलेली असताना तिच्या तोंडातून चिमटा निघत नव्हता. आणि तिच्या त्या दयेत तिघं जण एका 'त्यांनी'मध्ये विरघळत होते. कोणी काय केलं हे कागदावर आलं नसतं तर तिघंही एकमेकांच्या आड लपून सुटले असते. मी तिथे होते, म्हणून माझ्या भावाला नुसतंच 'मारलं' होतं.

आप्पा पुटपुटले, "काय गं, येवढंच सांगतोय व्हय त्यो?"

"नाही, आप्पा. तुम्ही बसा." मी उठले. मला ते बघायचं होतं. त्याचं शेवटचं मला कळायला हवं होतं, दुसऱ्या कोणाहीपेक्षा मलाच. तरी मी रेवतीकडे न बघता बाहेर आले.

दार पूर्ण मिटायच्या आत तिचा आवाज आला, "साहेब, मागची दोन उत्तरं मला दुरुस्त करायची आहेत. माझ्याकडून अपुरं सांगितलं गेलं." आणि मग, आमच्या नियमाने, ज्ञानूच्या जागी उभी राहून: "मी टाकीमागे होतो. डावीकडे उभा होता त्याने..."

मी जिना उतरून खाली गेले, जिथे आवाज येत नाही तिथे.

आप्पा बऱ्याच वेळाने आले, भिंतीला धरून. नळाशी जाऊन ओकले. तोंड धुतलं, टोपीनेच पुसलं.

"समदं सांगितलं त्यानं," ते म्हणाले. "एकेकाचं येगळं. बोट दावून."

"लिहून घेतलं?"

"घेतलं. तू आयकलं न्हाईस ना?"

"नाही."

"मग आयकू नगंस."

निकाल अजून लागायचा आहे. शवविच्छेदनाचा अहवाल मी वाचला आहे. त्यात जखमा आहेत, त्या कोणत्या क्रमाने झाल्या ते नाही. साक्षीचं चित्रण कोर्टात आहे. अर्ज केला तर मला बघायला मिळेलही. मी केलेला नाही.

गाव सोडून जे निघून गेले त्यांना लोक विचारतात, आता घर कुठलं? इंदूरला माझी खोली आहे, काम आहे. पण मला घर म्हटलं की आप्पांचं ताट दिसतं. आयुष्यभर मिलिंदचं म्हणणं मी त्यांना सांगत आले. आता मिलिंदचं जे काही शेवटचं आहे ते त्यांच्यापाशी आहे, आणि ते मला सांगत नाहीत. गावी गेले की आम्ही समोरासमोर जेवायला बसतो. मध्येच त्यांचा घास हातात राहतो, डोळे भिंतीवर जातात. ते कुठवर पोहोचले असतील, डाव्यापाशी की उजव्यापाशी, मला माहीत नसतं. मी विचारत नाही.

"जेव तू," आप्पा म्हणतात.

मी जेवते.