आपांची लाल पिशवी

माझ्या आयुष्यात मी सगळ्यात जास्त देणं लागतो ते आपांचं, आणि अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात कचरा इतक्या अदबीनं टाकणारं माणूस आपांच्या आधी झालं नाही आणि नंतर होईल असं वाटत नाही. लोक देवाला फूल वाहतात तशा आपा वापरलेला कापूस पिवळ्या पिशवीत सोडायच्या. लोहाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात त्या सिस्टर होत्या. आडनावानं त्यांना कुणी ओळखत नव्हतं. मुसलमान गल्लीत त्या आपा, म्हणजे थोरली बहीण, मराठा गल्लीत आपा, आणि भंगार वेचणाऱ्या आमच्या वस्तीतही आपाच.

दवाखान्यातल्या कचऱ्याचा सरकारी नियम चार रंगांचा. रक्तानं भरलेलं, जाळायचं ते पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, हातमोजे असलं प्लास्टिक लाल पिशवीत, कारण ते जंतू मारून पुन्हा वापरात येतं. सुया पांढऱ्या डब्यात, काच निळ्या डब्यात. बाकीच्या सिस्टर हा नियम ड्युटीपुरता पाळत. आपांनी तो संसारभर पसरला. त्यांना माणसंसुद्धा चार रंगांतच दिसत. शेजारची एक बाई सारखी टोमणे मारायची, तिला आपांनी पांढऱ्या डब्यात घातलं होतं. ‘वाईट न्हाय ती, फक्त झाकण घट्ट लावून बोलावं लागतं,’ असं त्या समजावून सांगत. स्टँडच्या पुढं बस उभी करून म्हाताऱ्यांना पळायला लावणारा एसटीचा ड्रायव्हर निळ्यात, फुटकी काच म्हणून. पिवळ्यात मात्र त्यांनी कुणाला टाकलेलं मी पाहिलं नाही. एकदा मीच विचारलं, तर म्हणाल्या, ‘माणूस जाळायच्या लायकीचं हाय का, हे लई उशिरा ठरवावं.’

माझ्या बहिणीच्या लग्नात त्यांनी आहेर म्हणून चार कोऱ्या बादल्या आणल्या आणि मांडवामागं ओळीनं मांडल्या. उष्ट्याला पिवळी, प्लास्टिकच्या पेल्यांना लाल, बाटल्यांना निळी. पांढरी कशाला, असं मामानं विचारलं तर म्हणाल्या, गजऱ्यातल्या पिना कुणाच्या पायात गेल्या म्हंजे? एवढं मांडून त्या नवरीला बघायला आत गेल्या. आमच्या आचाऱ्याला वाटलं, वाढपाची सोय केलीय, आणि तीही किती डोकं लावून. त्यानं पिवळ्या बादलीत वरण ओतलं, लाल बादलीत रस्सा, पांढरीत भात आणि निळीत पाणी. पंगत बसली. आपा बाहेर आल्या तेव्हा माझा मामा पिवळी बादली घेऊन व्याह्यांना आग्रह करत होता. आपांनी डोळे मिटून घेतले. बादल्या कोऱ्या आहेत, आपा, तुम्हीच आणल्यात, असं सगळ्यांनी परोपरीनं सांगितलं. त्यांनाही ते पटत होतं. ‘डोक्याला पटतंय,’ त्या म्हणाल्या, ‘घशाला पटंना.’ त्या दिवशी त्या नुसती जिलेबी खाऊन घरी गेल्या.

पण हे वेड त्यांना आधीपासून नव्हतं. ते लागलं माझ्या आईमुळं. आई गावाबाहेरच्या उकिरड्यावर भंगार वेचायची. एकदा तिच्या बोटात सुई घुसली. ती सुई सरकारी दवाखान्यातली, की कुठल्या खाजगी डॉक्टरची, हे कधीच कळलं नाही. आपांनी ती आपलीच धरली. सुईतून एड्स, कावीळ असलं काही लागलं नाही ना, हे बघायला त्यांनी आईचं रक्त तपासायला पाठवलं आणि पुन्हा पुन्हा तपासायचं म्हणून तिला बोलावत राहिल्या. त्या काळात आई घाबरून आम्हाला जवळ घेत नव्हती, स्वतःचं ताट वेगळं ठेवायची. आपा मात्र दुपारी डबा उघडून तिला शेजारी बसवायच्या आणि दोघी एकाच ताटात जेवायच्या. शेवटचा रिपोर्ट चांगला आला त्या दिवशी आई रडली. आपांनी ताट विसळलं आणि वॉर्डात गेल्या.

त्याच साली मी दहावीत गणितात नापास झालो होतो. आईनं मला आपल्याबरोबर उकिरड्यावर न्यायचं ठरवलं आणि आपांना तसं सांगायला गेली. मीही मागं उभा होतो. आपांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जशा त्या पिशवीत टाकायच्या आधी नळी बघत.

‘हे लाल पिशवीतलं हाय,’ त्या आईला म्हणाल्या. ‘धुतलं की वापरात येतंय. पिवळ्यात घालायची घाई करू नगा.’

त्यानंतर मी त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर बसून शिकलो. धुलाई कडक होती. गणित चुकलं की त्या नुसतं ‘परत भिजव’ म्हणायच्या. त्या बाकावरूनच मी त्यांची लढाई पाहिली. कचरा न्यायला बाहेरगावच्या प्रक्रिया केंद्राची गाडी यायची. ती बिघडली आणि बरेच दिवस आली नाही. पिशव्यांची खोली भरली, वास सुटला. आमचे डॉक्टर तरुण, भले, पण बेजार झालेले. ते म्हणाले, दोन दिवसांच्या वर कचरा ठेवायचा नाही असाही नियम आहे, तेव्हा या खेपेला नगरपंचायतीच्या घंटागाडीत देऊन टाकू. घंटागाडी जायची ती उकिरड्यावर. आपांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली.

‘ठेवला तर माझी चूक हाय, साहेब,’ त्या शांतपणं म्हणाल्या. ‘तुमी लिहून द्या, म्या सही करते. दिला तर सुई दुसऱ्याच बाईला टोचंल. तिची सही कोण घेणार?’

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, का कोण जाणे. मग आत जाऊन ते वरच्या साहेबांना फोन करत बसले. गाडी येईपर्यंत आपा रोज त्या दाराला ब्लीचिंग पावडरीचं पाणी मारायच्या, आणि नमाजाला उठल्या तरी किल्ली गळ्यातच. साहेब तपासणीला आले तेव्हा आपांना खूप बोलले. त्यावर आपांचा निकाल असा, की साहेब निळ्या डब्यातले आहेत, टोचतात पण वितळून पुन्हा कामाला येतात.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो आणि त्याच प्रक्रिया केंद्रात लागलो. गाड्या कुठं, कधी जायच्या ते मी ठरवतो. आपा निवृत्त होऊन येडशीला बहिणीकडं राहतात. गुडघे गेलेत, फोनवर ऐकू येत नाही, आणि भेटेल त्याला त्या एकच विचारतात: लोहाऱ्याला गाडी आली का? म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांना पत्र टाकलं.

‘आदरणीय आपा, सलाम.

लोहाऱ्याची गाडी आली. आमच्याकडून रोज पहिली तीच सुटते. बंद पडली तर दुसरी तयार ठेवली आहे, त्यामुळं किल्ली गळ्यात बांधायची पाळी कुणावर येत नाही. आई आता उकिरड्यावर जात नाही, बाजारात भाजी विकते. तिचं बोट चांगलं आहे.

लाल पिशवीतलं प्लास्टिक आम्ही जंतू मारून, बारीक तुकडे करून पुढं पाठवतो. त्याचं काय होतं ते मला माहीत नव्हतं. परवा न्यायला येणाऱ्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, पाइप होतात, बादल्या होतात. त्याच दिवशी आईनं बाजारातून एक लाल बादली आणली. मी तिला काही सांगितलं नाही. बादली दारात भरून ठेवली आहे. त्यात रस्सा कुणी ओतणार नाही, ती पाय धुवायची आहे.

गुडघे बरे झाले की या. तोवर पाणी रोज बदलतो.’